गावातल्या तरुण खो-खोपटूच्या स्मरणार्थ काय करावं? अर्धपुतळा, कमान की मोठी स्पर्धा?

तुम्ही लिहिलंय की माळशिरस तालुक्यातल्या तुमच्या गावचा एकोणीस वर्षांचा खो-खोपटू अपघातात गेला. वर्षश्राद्ध सहा महिन्यांवर आलंय, वर्गणी द्यायला सगळे तयार आहेत, पण गावात तीन मतं आहेत: अर्धपुतळा, वेशीवर कमान किंवा लाखाच्या बक्षिसाची स्पर्धा. मी या तिन्हींच्या बाजूने नाही. शाळेजवळ खो-खोचं एक नीट मैदान करा, त्याला त्याचं नाव द्या आणि दरवर्षी त्याच मैदानावर चौदा वर्षांखालच्या मुलामुलींची एका दिवसाची स्पर्धा भरवा. वेळापूर आणि वाडीकुरोलीची पोरं ज्या सोलापूर जिल्ह्यात खो-खो खेळतात, वेळापूरचा रामजी कश्यप २०२५च्या पहिल्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तिथे मुलं गोळा करायला लाखाचं बक्षीस लागत नाही. त्यांना मैदान लागतं.

सार्वजनिक जागेत पुतळा बसवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत परवानगीचा व्याप होतो, आणि नंतर त्याची निगा कोणी ठेवायची हा प्रश्न राहतोच. कमान बहुतेक वेळा रस्त्याच्या हद्दीत येते आणि रुंदीकरणात जाते. मोठ्या रोख बक्षिसांची स्पर्धा पहिल्या वर्षी दणक्यात होते. बाहेरचे तयार संघ येऊन बक्षीस घेऊन जातात, गावची मुलं पहिल्याच फेरीत बाद होतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वर्गणी आटली की स्पर्धाही बंद पडते. त्या मुलाच्या नावाची स्पर्धा बंद पडलेली त्याच्या आईवडिलांना बघावी लागते. ती सुरूच झाली नसती तर एवढं वाईट वाटलं नसतं.

म्हणून काहीही ठरवण्याआधी त्या मुलाच्या घरी जा. दहा-पंधरा जण मिळून नाही. त्याचा प्रशिक्षक, एखादा जवळचा मित्र आणि भावकीतलं एक वडीलधारं माणूस, एवढेच. नाव द्यायला त्यांची मनापासून संमती आहे का, कोणता फोटो चालेल, स्पर्धेच्या दिवशी त्यांना मैदानावर यायचंय की नाही, हे विचारा. आईच्या हस्ते बक्षीस द्यायचं असेल तर त्यांना आधी सांगा आणि अंतिम सामन्यानंतर दहा मिनिटांसाठीच बोलवा. तीन तास व्यासपीठावर बसवून एकामागून एक भाषणं ऐकवू नका. अपघाताचे फोटो किंवा व्हिडिओ कोणत्याही ग्रुपवर फिरत असतील तर ते बंद करायला सांगणं, हेही याच मंडळींचं काम.

आता मैदान. जागा जिल्हा परिषद शाळेची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या. ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामसभेत नामकरणाचा ठराव करून त्याची प्रत जपून ठेवा. गायरानावर पक्कं बांधकाम करू नका, ते अतिक्रमणात धरलं जातं.

खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. चारी बाजूंना दीड मीटर मोकळं धरलं की ३० बाय १९, म्हणजे ५७० चौरस मीटर जागा तयार करायची. आपल्याकडची काळी माती तशीच ठेवली तर उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात पाय रुततो आणि धावताना घोटा मुरगळतो. ती निदान अर्धा फूट काढा. खाली मुरूम भरा, पाणी मारा, दोन दिवस मुरू द्या, मग रोलर फिरवा. दाबून पंधरा सेंटीमीटर थर मिळवायला साधारण ३० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम बसतो. सुटा मुरूम दाबला जातो, म्हणून ३७-३८ ब्रास धरा. वर दोन इंच चाळलेली तांबडी किंवा पोयट्याची माती आणि बारीक मुरूम, निम्मं निम्मं. हे सुटं मिळून बारा-तेरा ब्रास होईल. चाळणीचं काम टाळू नका. संरक्षक (पळणारा) अगदी जवळ असला की आक्रमक (पाठलाग करणारा) सूर मारतो, आणि तेव्हा एक खडा गुडघा फोडायला पुरतो. रुंदीच्या एका बाजूला दर मीटरला एक सेंटीमीटर उतार द्या म्हणजे पाणी साचणार नाही. मुरूम कुठूनही उचलू नका. गौण खनिजाची रॉयल्टी भरून तहसीलचा परवाना घ्या, नाहीतर ट्रॉली अडवली जाते आणि गावाच्या चांगल्या कामाला गालबोट लागतं.

आखणी करताना कोपरा काटकोनात आणायला ३, ४ आणि ५ मीटरच्या दोऱ्या वापरा. शेवटी दोन्ही कर्ण मोजा, प्रत्येक ३१.३८ मीटर भरला पाहिजे. दोन्ही टोकांना दीड मीटरचा मुक्त भाग सोडला की खांबांमधली मधली पाटी, म्हणजे पट्टा, २४ मीटरची राहते. खांबापासून पहिली आडवी पाटी २.५५ मीटरवर, पुढे दोन पाट्यांमध्ये २.३० मीटर, आणि प्रत्येक पाटी ३५ सेंटीमीटर रुंद. आठ पाट्या टाकून बेरीज २४ला जुळली तर आखणी बरोबर. रेषांना फक्की, म्हणजे खडूची पांढरी पूडच वापरा, चुन्याची पूड नको. सूर मारताना ती डोळ्यांत जाते आणि डोळा भाजतो.

खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंटीमीटर उंच, नऊ-दहा सेंटीमीटर जाड आणि गोल हवा. जुनी, वाळलेली बाभूळ रंधा मारून गुळगुळीत करून घ्या आणि निदान दोन फूट जमिनीत गाडा. लोखंडी पाइप टाकायची सूचना येईलच. ती मान्य करू नका. आपल्या उन्हात पाइप तापतो, आणि खांबाला धरून वळणाऱ्या मुलाचा हात भाजतो.

तारखेचा हट्ट धरू नका. स्मृतिदिन एप्रिल-मेमध्ये येत असेल तर चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात मुलं खेळवायची नाहीत. त्या दिवशी घरचे विधी होऊ द्या आणि स्पर्धा त्याच्या वाढदिवसाला किंवा डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी घ्या. आषाढात पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूरवरून जाते तेव्हा तालुक्यात दुसरं काही होत नाही. फेब्रुवारीनंतर परीक्षा. डिसेंबर चांगला, पण तेव्हा ऊसतोड जोरात असते आणि अंधारात दिवा-रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. म्हणून प्रत्येक संघ उजेडात घरी पोहोचेल असंच वेळापत्रक करा. ज्या गावाने आपलं पोर अपघातात गमावलंय, त्याने हे कटाक्षाने पाळावं.

वेळेचा हिशोब कागदावर करा. सात मिनिटांची चार सत्रं म्हणजे २८ मिनिटं. मधली विश्रांती आणि संघांची अदलाबदल धरून एका सामन्याला पाऊण तास लागतो. एकाच मैदानावर सोळा संघांची बाद फेरी घेतली तर १५ सामने, म्हणजे सव्वाअकरा तास. रात्र होणार. त्यापेक्षा चार संघ मुलांचे आणि चार मुलींचे बोलवा. प्रत्येक गटात दोन उपांत्य सामने, हरलेल्यांचा तिसऱ्या क्रमांकाचा सामना आणि अंतिम, असे एकूण आठ सामने सहा तासांत संपतात. सकाळी साडेसातला पहिला खो मिळाला तर दीड-दोनला बक्षीस समारंभ होतो, आणि लांबून आलेल्या प्रत्येक संघाला दोन सामने मिळतात. हे वेळापत्रक हमखास मोडतं ते उद्घाटनात. पाहुण्यांची वाट बघू नका. नारळ गावच्याच एखाद्या जुन्या खेळाडूच्या हातून फोडा आणि भाषणं शेवटी ठेवा. कोणत्याही नेत्याचा फोटो त्या मुलाच्या फोटोपेक्षा मोठा लागणार नाही, हे गावातल्या दोन्ही राजकीय गटांच्या लोकांसमोर आधीच ठरवा.

पंचांसाठी जिल्हा खो-खो संघटनेला महिनाभर आधी पत्र द्या. एका सामन्याला दोन पंच, एक सरपंच (म्हणजे मुख्य पंच), वेळाधिकारी आणि गुणलेखक लागतात. त्यांचं मानधन आणि प्रवासखर्च बजेटमध्ये पहिल्यांदा लिहा. वयासाठी शाळेचा बोनाफाइड आणि जन्मतारखेचा दाखला प्रवेश अर्जासोबतच घ्या, मैदानावर वाद नको. मुलींना कपडे बदलायला शाळेची एक खोली आणि स्वच्छ शौचालय द्या. आदल्या संध्याकाळी चार जणांनी ओळीने चालत वेड्या बाभळीचे काटे वेचा, कारण बरीच मुलं अनवाणी खेळतात. बर्फ, ओआरएस, ड्रेसिंगचं सामान ठेवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला तारीख कळवा.

बक्षीस म्हणून रोख रक्कम देऊ नका. विजेत्याला फिरती ढाल, प्रत्येक मुलाला टी-शर्ट, आणि उत्कृष्ट आक्रमक, उत्कृष्ट संरक्षक, अष्टपैलू असे तीन मान. तो मुलगा संरक्षणात चांगला असेल तर संरक्षकाच्या मानाला त्याचं नाव द्या. ज्यांनी त्याला पळताना पाहिलंय त्यांना ते लगेच पटेल.

फलकावर फक्त खरं लिहा. जिल्हा, विभाग, राज्य, ज्या पातळीवर तो खेळला ती प्रमाणपत्र बघूनच. 'राष्ट्रीय खेळाडू' असं उगाच वाढवून लिहिलं तर त्याच्याबरोबर खेळलेल्यांना ते खटकतं, आणि त्याने कमावलेलंही झाकलं जातं. प्रमाणपत्रं आणि पदकं घरीच राहू द्या, स्कॅन तेवढे करून घ्या. सामन्यांची जुनी गुणपत्रकं प्रशिक्षकांकडे असतील तर आत्ताच मागा. तो कोणत्या सामन्यात किती मिनिटं पळाला हे त्यात लिहिलेलं असतं आणि दोन-चार वर्षांत ते कागद रद्दीत जातात. फ्लेक्स नको, एका उन्हाळ्यात पांढरा पडतो. ग्रॅनाइटवर कोरून घ्या.

पैशांसाठी बँकेत तीन सह्यांचं खातं उघडा, त्यातली एकही सही त्याच्या घरच्या माणसाची नको. त्यांच्यावर हिशोबाचं ओझं टाकू नये. लगेच संस्था नोंदवायची घाई नाही. नोंदवली की दरवर्षी लेखापरीक्षण आणि धर्मादाय कार्यालयात कागद देणं आलं. तीन स्पर्धा नीट झाल्या की सात सभासद घेऊन नोंदवा. वर्गणीतून मैदान झाल्यावर उरलेली रक्कम मुदत ठेवीत ठेवा. दोन लाखांवर सहा टक्क्यांनी वर्षाला बारा हजार येतात. टी-शर्ट, फक्की आणि पंचांचं मानधन यांचा मोठा भाग त्यात भागतो. स्पर्धेनंतर पुढच्या ग्रामसभेत हिशोब वाचून दाखवा, अगदी चहाच्या बिलासकट.

मैदानाची निगा एका शिक्षकाच्या आणि दोन मोठ्या मुलांच्या नावावर ठरवून द्या. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आधी गवत काढायचं, वाहून गेलेली माती चाळून भरायची, पाणी मारून रोलर फिरवायचा, खांब हलतायत का बघायचं. वर्षभर रोज संध्याकाळी तिथे सराव होत असेल, तर स्पर्धेच्या आधी फक्त रेषा मारायचं काम उरतं.