गूझबेरी मेसा: ट्रेल वाळेल हो, रस्त्याचं काय?

गूझबेरी मेसाला, म्हणजे युटामधल्या झायन नॅशनल पार्कजवळच्या सपाट माथ्याच्या डोंगरावर, माउंटन बाइकिंगला जायची तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. फिनिक्सहून तिघं जण, भाड्याची सेडान, भाड्याच्या सायकली, ऑक्टोबरमधला शनिवार. आणि प्रश्न एवढाच, की शुक्रवारी पावसाचा अंदाज आहे, तर शनिवारी सकाळपर्यंत ट्रेल वाळेल का. सहा वर्षांपूर्वी मीही फोन करून हेच विचारलं होतं. 'वाळेल, बिनधास्त या' असं उत्तर मिळालं आणि ते खरंही होतं.

ट्रेल वाळते. गूझबेरीचा माथा म्हणजे बराचसा उघडा वालुकाश्म. ऊन आणि वारा मिळाला की काही तासांत कोरडा ठाक होतो. वाळत नाही तो हायवे ५९ सोडल्यावर वर जाणारा मातीचा रस्ता. त्याबद्दल मी विचारलंच नाही आणि कुणी आपणहून सांगितलंही नाही.

मी औशाकडचा. काळ्या रानात लहानाचा मोठा झालो. पाऊस पडून गेल्यावर पायाला माती बांधून एकेक पाय कसा जड होतो, वाफसा आल्याशिवाय रानात औत का घालत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण गूझबेरीकडची माती लालसर-करडी, आजूबाजूला निवडुंग आणि जुनिपरची झुडपं. वाळवंट आहे म्हणजे वाळू असणार, पाणी झिरपून जाणार, असं मी धरून चाललो. ती वाळू नाही. त्या भागातल्या चिनले नावाच्या खडकाच्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली चिकणमाती आहे. पाणी पिऊन फुगणारी, आपल्या काळ्या मातीच्याच जातीची. रंगाने मी फसलो.

आम्ही सकाळी वर गेलो तेव्हा रस्ता कोरडा होता. दुपारी वीसेक मिनिटं सडकून पाऊस पडला. एका कपारीखाली थांबलो, मग ऊन आलं, खडक चकचकीत झाला, आणि आम्ही आणखी दोन तास सायकल चालवली. माथ्याच्या दक्षिण कडेवरून झायनचे कडे दिसत होते, तो तास मी कधी विसरणार नाही. परतताना जेमतेम मैलभर गेलो असू, गाडी आडवी घसरली आणि चर होता त्यात बसली. चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट मातीने ठासून भरली होती, चाक फिरेनाच. सायकलच्या टायर लिव्हरने ती माती आम्ही कोरून काढत होतो. बोटाएवढा तुकडा निघायचा, गाडी हातभर सरकली की फट पुन्हा भरायची. अंधार पडेपर्यंत हेच केलं आणि रात्र गाडीत काढली. दोघांत मिळून अर्धा लिटर पाणी उरलं होतं.

आता ज्याने सगळ्यात जास्त नुकसान केलं त्याबद्दल. गाडी ज्यांच्याकडून घेतली त्यांचं नाव लिहीत नाही. टेकाडावर चढलं की रेंज यायची. तिथून मदत क्रमांकावर फोन लावला, अर्धा तास होल्डवर. मग बाईंनी विचारलं, जवळचा चौक कोणता? मी नकाशावरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवले, तर त्यांच्या संगणकाला पत्ता लागतो म्हणाल्या. शेवटी 'रस्ता डांबरी आहे का?' असं विचारलं. नाही म्हटल्यावर विषयच संपला. करारात कलम होतं: डांबर सोडलं की मदतही नाही आणि विमाही नाही. काउंटरवर मी स्पष्ट सांगितलं होतं की झायनजवळ माउंटन बाइकिंगला चाललोय. ते ऐकून त्या माणसाने मला वरचा विमा विकला आणि 'आता काळजी नको' म्हणाला. याचा राग अजून जात नाही. दुसऱ्या दिवशी खासगी ओढगाडीचे ११०० डॉलर गेले. वर ऑफिसने गाडी धुण्याचं बिल लावलं, शिवाय ती भाड्याने देता आली नाही त्या दिवसांचं भाडंही वसूल केलं. क्रेडिट कार्डाच्या विम्यानेही कच्च्या रस्त्याचंच कारण देऊन हात वर केले.

मी वकील नाही आणि प्रत्येक करार वेगळा असतो. पण सही करण्याआधी 'अनपेव्हड' (म्हणजे कच्चा रस्ता) हा शब्द करारात शोधाच. काउंटरवरच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

माझं मत सरळ आहे. शुक्रवारी पाऊस पडला तर शनिवारी गूझबेरी नको. फोर बाय फोर मिळाली तरी नको. ती माती कुठल्याच टायरला जुमानत नाही, आणि तुम्ही पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात, पुढच्यांना त्रास. जवळची जेम ट्रेल ओली असताना तीही टाळा, तिथेही चिकणमातीच आहे. त्यापेक्षा झायनमध्ये जा. तिथली पारूस ट्रेल डांबरी आहे आणि सायकलला परवानगी आहे. शटल चालू असतात तेव्हा दरीतल्या मुख्य रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी असते, सायकलला नाही. मागून शटल आली की थांबून तिला पुढे जाऊ द्यायचं. बाकी पायवाटांवर आणि पार्कमधल्या मोठ्या बोगद्यात मात्र सायकल चालत नाही.

पाऊस पडलाच नाही तर खुशाल जा, पण पाणी माणशी चार लिटर न्या. वर नळ नाही. खडकावर पांढरे ठिपके रंगवलेत, तीच वाट. ठिपका दिसेनासा झाला की थांबा आणि मागे फिरा, कारण कडा अचानक येतो. खडकातल्या खळग्यांत पाणी साठलेलं असेल तर त्यातून सायकल घालू नका, त्यात बारीक जीव असतात. काळपट खरबरीत कवच धरलेल्या मातीवर पायही ठेवू नका, ते कवच परत धरायला कित्येक वर्षं लागतात.

भाड्याच्या सायकलीचं एक सांगतो, कारण माझा मित्र यावरूनच पडला होता. तिकडे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडच्यासारखा उजव्या हाताला नाही. पार्किंगमध्ये दहा मिनिटं फिरून हाताला सवय करा. टायर ट्यूबलेस आहेत ना, विचारून घ्या. आपला सराटा तिकडेही आहे, गोटहेड म्हणतात, आणि पार्किंगच्या कडेलाच जास्त असतो. आणि ऑक्टोबरमध्ये युटाचं घड्याळ फिनिक्सच्या एक तास पुढे असतं. सूर्य तिथल्या वेळेने सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा वरून निघायची वेळ ठरवताना ते धरा.

गुरुवारी ऑफिसच्या वेळेत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या (तिथल्या सरकारी जमिनी सांभाळणारं खातं) सेंट जॉर्ज ऑफिसला फोन करा आणि ट्रेलबद्दल नाही, रस्त्याबद्दल विचारा. गाडीचा करार हातात आला की त्या कलमाचा फोटो इथे टाका, नाव-पत्ता झाकून. मी त्याच रात्री वाचून सांगतो.