वाचक विचारतात : जमीन दिली, मग घेतली कशी?

प्रश्न : आदरणीय गुरुजी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्या पारावर वाद झाला. एक जण म्हणे, चीनमध्ये कम्युनिस्टांनी गरिबाला फुकट जमीन वाटली. दुसरा म्हणे, त्यांनीच कास्तकार उपाशी मारला. दोघंही हटायला तयार नाहीत. खरं कोणाचं?
– एक कास्तकार, आर्वी तालुका

उत्तर : भाऊ, दोघांचंही. पहिला १९५२ चं बोलत होता, दुसरा १९६० चं. कोणी कम्युनिस्टांबद्दल काही ठासून सांगू लागला, की आधी साल विचारावं. शाळेत इतिहास शिकवताना मला लागलेली ही सवय आहे.

मार्क्सचा भरवसा कारखान्यातल्या कामगारावर होता. आशियात कारखाने होते किती? चिनी कम्युनिस्ट पक्ष १९२१ मध्ये शांघायला निघाला खरा, पण १९२७ मध्ये राष्ट्रवादी पक्षाचा पुढारी च्यांग काय-शेकच्या माणसांनी तिथे त्यांची कत्तल केली. उरलेले डोंगरात आणि खेड्यांत पांगले. माओला त्याची फौज तिथे मिळाली : दुसऱ्याचं वावर कसणारी कुळं. १९३७ मध्ये जपान चालून आला आणि जपान्यांशी लढणारे म्हणून खेड्यांत त्यांचं बस्तान पक्कं बसलं. (त्या युद्धात १९३८ ला भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं होतं. सोलापूरचे डॉ. कोटणीस सगळ्यांना ठाऊक आहेत. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे सांगितलं की मागच्या बाकावरचा पोट्टाही मान वर करायचा.) व्हिएतनाममध्ये कम्युनिस्ट पुढारी हो ची मिन्हचंही गणित असंच होतं. परकी सत्ता घालवायची आणि कुळाला जमीन द्यायची, या दोन गोष्टी त्याने एका दाव्याला बांधल्या.

चीनमध्ये सत्ता आल्यावर जमीन वाटली, हे खोटं नाही. १९५० चा कायदा झाला आणि दोन-तीन वर्षांत सुमारे तीस कोटी लोकांच्या वाट्याला वावर आलं. त्याच वर्षीच्या विवाह कायद्याने बालविवाह आणि मुलीचा सौदा बंद केला, बाईला काडीमोड मागता आली. पण वाटण्याची रीत पाहा. गावसभा भरवायची, जमीनदाराला उभं करायचं, कुळांनी त्याचे गुन्हे ओरडून सांगायचे आणि शेवटी मारहाण. लाखो माणसं अशी जिवाला मुकली. माझे आजोबा मालगुजाराकडे सालदार होते. आपल्याकडची मालगुजारी १९५१ ला कायद्याने गेली, मालगुजाराला मोबदला मिळाला. आजोबांना मात्र गुंठाभरही मिळालं नाही. त्यामुळे चीनच्या कुळाला तेव्हा काय वाटलं असेल, ते मला कळतं. तुमच्या पारावरचा पहिला माणूसही बहुधा असंच काही मनात धरून बोलला असेल.

आता दुसऱ्याची बाजू. दिलेली जमीन कुळाच्या हाती पुरती पाच-सहा वर्षंही राहिली नाही. आधी सहकारी शेती आली आणि १९५८ मध्ये ‘कम्यून’. हजारो घरांचं एकच खातं, धुरे मोडलेले, बैलं सामायिक, जेवण सार्वजनिक खानावळीत. पोलाद वाढवायचं म्हणून अंगणात भट्ट्या पेटवल्या आणि घरातल्या कढया-तवे त्यात टाकले. हे मी एकदा ओसरीवर सांगत होतो, तर शेजारची म्हातारी मध्येच म्हणाली, “मंग बाया रांधत कायच्यात होत्या?” परीक्षेत कोणी विचारला नाही इतका चांगला प्रश्न. रांधतच नव्हत्या. चूल सरकारजमा झाली होती. खानावळीतलं धान्य सरलं तेव्हा घरात ना कढई, ना दाणा.

चिमण्यांचंही तसंच. आपण ज्वारी दाण्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवतो, तेवढ्यापुरती पाखरं उडवतो. तिथे अख्ख्या देशाने थाळ्या बडवून चिमण्यांना बसू दिलं नाही, थकून मरून पडेपर्यंत. मग किडे माजले. १९६० ला मारायच्या जीवांच्या सरकारी यादीतून चिमण्यांचं नाव काढून ढेकणाचं घातलं.

तरी उपासमारीचं मोठं कारण चिमण्या नव्हत्या, कागद होता. वरच्याला खूश करायला खालच्याने पीक फुगवून लिहिलं. दहा पोती झाली तिथे तीस. सरकारने वसुली तिसांच्या हिशेबाने केली, म्हणजे बियाणंसुद्धा गेलं. पीक आणेवारी आणि पंचनामा ज्याने पाहिलाय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे आकडा उलटीकडे चुकतो एवढंच. संरक्षणमंत्री पेंग दहुआईने १९५९ मध्ये माओला पत्र लिहून चूक दाखवली, तर त्यालाच पदावरून काढलं. त्यानंतर खरा आकडा लिहायची छाती कोणाची होणार? १९५९ ते ६१ या काळात किती मेले यावर अभ्यासकांत एकमत नाही. दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत अंदाज आहेत.

कंबोडियात १९७५ ला ख्मेर रूज हे तिथले कम्युनिस्ट सत्तेवर आले, त्यांनी तर राजधानी नॉम पेन्हच रिकामी करून सगळ्यांना भातशेतीवर हाकललं. चार वर्षांच्या आत पंधरा-वीस लाख माणसं संपली. इंडोनेशियात उलटं घडलं. तिथे १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लाखोंना मारलं. तुमच्या पारावर हे कोणी काढलं नसेल, म्हणून सांगितलं.

चीनमधली ही गाठ सोडवली ती कास्तकारांनीच. आन्ह्वे प्रांतातल्या श्यावगांग गावात १९७८ मध्ये अठरा घरांनी चोरून एक कागद केला. वावर घराघरांत वाटून घ्यायचं, सरकारचा वाटा द्यायचा, उरेल ते आपलं. पुढारी पकडला गेला तर त्याची पोरं अठरा वर्षांची होईस्तोवर बाकीच्यांनी पोसायची. खाली अंगठे. आमच्या आजोबांनीही आयुष्यात बरेच अंगठे दिले, पण सगळे सावकाराच्या कागदावर. श्यावगांगचं पीक पुढच्याच वर्षी कितीतरी वाढलं आणि थोड्याच वर्षांत सरकारने तीच रीत देशभर चालवली. व्हिएतनामने १९८६ नंतर तोच रस्ता धरला. एरवी बाहेरून तांदूळ आणणारा तो देश १९८९ ला तांदूळ विकू लागला.

प्रश्न : विनोबांचं भूदान हे कम्युनिस्टांना उत्तर होतं का?
– एक विद्यार्थिनी, जिल्हा यवतमाळ

उत्तर : बेटा, सुरुवात तरी तिथूनच झाली. तेलंगणात १९४६ पासून कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता. १९५१ मध्ये विनोबा आपल्या पवनारहून पायी तिकडे गेले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलितांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली. पुढे दान लाखो एकरांवर गेलं, पण बरंचसं कसायच्या लायकीचं नव्हतं. आमच्या गावात नाल्यापलीकडच्या तुकड्याला अजून ‘भूदान’ म्हणतात. सगळी बरड. पाऊस धरून राहिला तर तीळ होतो.