परतीची गाडी कुत्र्याला विचारून ठरवा

घरमालक गावाला जातो. त्याच्या घरी दुसरं कुटुंब येऊन राहतं, कुत्र्या-मांजरांचं सगळं करतं, कुंड्यांना पाणी घालतं. भाडं कुणी घेत नाही, पगार कुणी देत नाही. इंग्रजीत याला हाउस-सिटिंग म्हणतात आणि आपल्याकडेही तोच शब्द रुळतो आहे. या विषयावरच्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : मुलं नववीत आणि पाचवीत आहेत. मे महिन्यात तीन आठवडे इंग्लंडला जायचं म्हणतोय, पण हॉटेलं परवडत नाहीत. कुणाचं घर आणि कुत्रा सांभाळला तर राहणं फुकट होतं असं ऐकलं. व्हिसाच्या अर्जात तसं लिहावं का? (एक वाचक, ठाणे)

पर्यटक व्हिसावर या भानगडीत पडू नका. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, आणि पगार न घेता केलेलं कामही त्यातून सुटत नाही. सेवाभावी कामाला थोडी मुभा आहे, पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी आणि एकूण ३० दिवसांपुरती. अनोळखी माणसाचा लॅब्रडॉर फिरवणं त्यात बसत नाही. ऑस्ट्रेलियात तर ज्या कामाला तिथे एरवी मोबदला मिळतो ते 'काम'च, मग तुम्ही तो घ्या किंवा घेऊ नका. २०२२ मध्ये कॅनडात मांजर सांभाळायला निघालेल्या एका ऑस्ट्रेलियन महिलेला वाटेत अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून परत पाठवलं होतं. तिच्याकडे तर व्हिसा न लागणारा पासपोर्ट होता. आपल्याला आधी अर्ज, मग विमानतळावरचा अधिकारी.

फ्रान्समध्ये कुणाच्या घरी उतरायचं तर यजमानाने आपल्या नगरपालिकेतून तसा दाखला काढून द्यावा लागतो. जो माणूस त्याच आठवड्यात स्वतः सुट्टीवर निघालाय, तो तुमच्यासाठी तिथे खेटे घालेल असं वाटत नाही.

काही जण अर्जात हॉटेलचं बुकिंग दाखवतात आणि मागाहून रद्द करतात. अर्जात खोटं लिहिल्याचं सिद्ध झालं तर ब्रिटनचे दरवाजे १० वर्षं बंद होऊ शकतात. तीन आठवड्यांच्या भाड्यासाठी हा सौदा महागच.

मग हा प्रकार कुणासाठी? जे त्या देशाचे नागरिक किंवा कायम रहिवासी आहेत, त्यांच्यासाठी त्याच देशात. आणि तुमच्यासाठी भारतात.

प्रश्न : आम्ही रेडिंगला राहतो, आता कायम रहिवासी आहोत. मुलं ८ आणि ११ वर्षांची. बाथ शहराजवळ एक घर मिळतंय, एक कुत्रा आणि एक मांजर. घरात आम्ही कधी प्राणी पाळलेला नाही. होकार देण्याआधी काय विचारावं? (एक वाचक, इंग्लंड)

पहिला प्रश्न कुत्र्याच्या वयाचा किंवा जातीचा नाही. 'तो एकटा किती वेळ राहतो?' हे विचारा. ब्रिटनमधल्या प्राणिसंस्था साधारण चार तासांच्या पुढे जाऊ देत नाहीत. आता हिशेब मांडा. घर बाथच्या बाहेर, गावात जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. हातात राहिले तीन तास. त्यात रोमन स्नानगृहं बघून, मुलांना खाऊ घालून परत येता येईल. पण स्टोनहेंज आणि सॉल्सबरी एका दिवसात करायचं मनात असेल तर विसरा, नाहीतर दोघांपैकी एकाने घरी थांबायचं. मांजरासाठी सकाळ-संध्याकाळ खाणं आणि शी-शूसाठी स्वच्छ वाळू एवढं पुरतं, मधला दिवस तुमचा. भटकायची हौस असलेल्या कुटुंबाने पहिल्या खेपेला एकटी, वयस्कर मांजर असलेलं घर घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. मुलांना कुत्राच हवा असेल, तर सुट्टी कुत्र्याभोवती बेता: पायी भटकंती, कुत्र्यांना आत घेणारे पब, नदीकाठ.

घरमालकाशी व्हिडिओवर बोलताना मुलांना शेजारी बसवा. कुत्रा लहान मुलांत वावरला आहे का, ताटलीजवळ कुणी गेलं तर गुरगुरतो का, कुठे झोपतो, हे विचारा. 'तो खूप प्रेमळ आहे' हे उत्तर पुरेसं नाही. 'मागच्या वेळी घरात लहान मूल कधी आलं होतं आणि तेव्हा त्याने काय केलं?' असं विचारलं की खरं कळतं.

पहिले तीन-चार दिवस पट्टा सोडू नका. मालकाच्या हाकेला धावत येणारा कुत्रा तुमच्या हाकेला येतोच असं नाही. आसपास मेंढ्या असतील तर शेवटच्या दिवसापर्यंत पट्टा हवाच. कुत्रा कळपामागे लागला तर शेतकऱ्याला काही परिस्थितीत त्याला गोळी घालण्याचा कायदेशीर आधार आहे. गळपट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता लिहिलेली पट्टी असणं सक्तीचं आहे. फिरायला नेण्याआधी ती आहे ना बघा.

आता स्वयंपाकघर. आपल्या घरात हा भाग सगळ्यात धोक्याचा, आणि इंग्रज घरमालकाच्या सूचनांत तो नसतो. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट कुत्र्याला विषारी. फोडणीचं वरण, भाजीचा रस्सा, मनुका घातलेला शिरा, काहीही ताटातून खाली जाता कामा नये. आठ वर्षांचं मूल खाताखाता दोन मनुका पाडतं आणि कुत्रा त्या वेचतो, इतकं हे सोपं आहे. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम तर पर्समध्येही ठेवू नका, वर कपाटात टाका. मांजर असलेल्या घरात लिलीची फुलं आणू नका, परागकणसुद्धा तिच्या मूत्रपिंडाला पुरतात. बॅगेतल्या कपड्यांतल्या डांबरगोळ्या आणि देवाचा कापूर घरीच राहू द्या. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, म्हणून औषधांची पिशवी पलंगावर उघडी नको.

घराबद्दल चार गोष्टी मालक जायच्या आत हाताने दाखवून घ्या: पाण्याचा मुख्य नळ (बहुधा सिंकखाली), फ्यूजचा डबा, बॉयलर, आणि कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा. गरम पाणी बंद पडलं तर आधी बॉयलरवरचा काटा बघा. थंड असताना दाब १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. १ च्या खाली गेला असेल तर पाणी भरायची छोटी तोटी उघडून दाब चढवायचा आणि ती पुन्हा घट्ट बंद करायची. बंद करायची राहिली की दाब ३ च्या पुढे जातो आणि बाहेरच्या नळीतून पाणी ठिबकायला लागतं.

पशुवैद्याच्या दवाखान्यात मालकाने आधीच कळवायला हवं की अमुक तारखांना प्राणी तुम्ही आणू शकाल, आणि मालकाला न विचारता अमुक पौंडांपर्यंतचा खर्च त्यांच्या खात्यावर चालेल. हा आकडा लेखी घ्या. रात्री दोन वाजता मालक विमानात असतो आणि दवाखाना पैशांचं विचारतो. रात्रीचा दवाखाना बऱ्याचदा दुसराच असतो, त्याचाही पत्ता घ्या.

तारखांचं एक गणित तुमच्या फायद्याचं आहे. इंग्लंडमधली ऑक्टोबरची शाळेची सुट्टी बहुधा दिवाळीच्या आगेमागे येते. तेव्हा घरं भरपूर निघतात, फक्त मागणीही तितकीच असते, म्हणून दोन महिने आधी हात घाला.

प्रश्न : आम्हाला आवडलेल्या घरातल्या मांजरीला मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन. शिकून जमेल का? (एक वाचक, मेलबर्न)

जमेल, पण दोघं मोठे असाल आणि एकजण सकाळी व संध्याकाळी ठरल्या वेळी नक्की घरी असेल तरच. इंजेक्शन १२ तासांच्या अंतराने. सातची वेळ असेल तर सातच्या आत परत, मग समुद्रकिनारा कितीही छान असो.

चूक होते ती सिरिंजमध्ये. प्राण्यांच्या बऱ्याच इन्सुलिनमध्ये एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, माणसांच्या नेहमीच्या इन्सुलिनमध्ये १००. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या. घरातल्या सिरिंजा संपल्या म्हणून औषधाच्या दुकानातून माणसाची आणलीत आणि ४० वालं औषध २ च्या रेघेपर्यंत भरलंत, तर मांजरीला ०.८ युनिटच मिळालं. उलट झालं, म्हणजे १०० वालं औषध ४० च्या सिरिंजने दिलं, तर अडीचपट गेलं, आणि हा प्रकार जिवावर बेततो. बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा जुळतो का, हे रोज बघा. मालकाकडून पूर्ण दिवसांच्या सिरिंजा, वर दहा जादा, मोजून घ्या. बाटली हलवायची की नुसती तळहातात फिरवायची हे औषधागणिक बदलतं, तेही करून दाखवायला सांगा.

मांजर जेवली नाही तर इंजेक्शन देण्याआधी दवाखान्यात फोन. औषध अर्धं केसांवर सांडलं असं वाटलं तरी पुन्हा टोचू नका. एखादा डोस चुकला तर पुढचा दुप्पट नाही. झोकांड्या, एकदम अशक्तपणा, झटके दिसले म्हणजे साखर उतरली आहे: मध किंवा ग्लुकोजचं पाणी हिरड्यांना चोळा आणि लगेच दवाखाना गाठा. झटका चालू असताना बोट तोंडात घालू नका.

आणि घरात बोका असेल तर आणखी एक. तो वाळूत पुन्हा पुन्हा बसतोय, जोर करतोय आणि थेंबही येत नाही, तर उद्या बघू म्हणू नका. मूत्रमार्ग तुंबला असण्याची शक्यता असते आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

प्रश्न : आम्ही माळकरी. ठरवलेल्या घरातल्या कुत्र्याला कच्चं मांस देतात असं आता कळलं. तीन आठवडे दहीभात किंवा दूध-पोळी दिली तर चालेल का? (एक वाचक, सातारा)

चालणार नाही. खाणं एकाएकी बदललं की कुत्र्याला जुलाब लागतात. बदल करायचाच तर सात ते दहा दिवसांत थोडं थोडं करून, तोही मालकाने, तुम्ही जायच्या आधी. तुम्ही आजच फोन करून सांगा की मांसाला हात लावता येणार नाही, कोरडं खाणं देऊ शकतो. मालक तयार झाला तर उत्तम, नाही तर घर सोडा, यात कुणाचा अपमान नाही. मांजर असती तर मांसाशिवाय भागवायचा विचारही करता आला नसता. तिला मांसातली द्रव्यं लागतातच, दूधभातावर ती आजारी पडते.

प्रश्न : दिवाळीत आम्ही दहा दिवस राजस्थानला जातोय. ओळखीतून नागपूरचं एक कुटुंब कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये येऊन राहील आणि आमचा चार वर्षांचा देशी कुत्रा सांभाळेल. त्यांना पुणे बघायचंय. काय काय लिहून ठेवावं? (एक वाचक, पुणे)

दिवाळी म्हणजे फटाके, तेव्हा सुरुवात तिथूनच. कुत्रा एरवी शहाणा असला तरी लवंगी माळेला दचकून पट्ट्यातून मान काढून पळतो, आणि पळालेला कुत्रा ओळखीच्या माणसाचंही ऐकत नाही. म्हणून गळपट्टा आणि छातीचा पट्टा दोन्ही घालून, दोन्हींना दोरी लावून न्यायचं. सकाळचा फेरा अंधारात नको, नरकचतुर्दशीच्या पहाटे तर मुळीच नको. संध्याकाळचा फेरा दिवेलागणीच्या आत. रात्री खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा-टीव्ही चालू, आणि आतल्या खोलीत त्याची चादर. त्या चादरीवर तुमचा न धुतलेला एक सदरा ठेवून जा. गेल्या वर्षी तो थरथरत होता, लाळ गाळत होता असं असेल तर आत्ताच पशुवैद्याकडे जाऊन औषध विचारा. ते औषध एकदा तुम्ही घरी असताना देऊन बघायचं, दिवाळीच्या रात्री पहिल्यांदा नाही.

पाहुणे दोन दिवस आधी यावेत. पहिल्या दिवशी तुम्ही फिरवा, ते सोबत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरवतील, तुम्ही मागे. संध्याकाळी तुम्ही घरी थांबा, जेवण त्यांना देऊ द्या.

सोसायटीच्या सचिवांना पत्र द्या: नावं, मोबाइल, तारखा, गाडीचा नंबर. रखवालदाराला कुटुंब दाखवा, नाहीतर सिंहगडावरून रात्री नऊला परतलेल्या पाहुण्यांना फाटकातच उभं राहावं लागेल. कामवाल्या ताईंना कुत्रा त्या दहा दिवसांत कसा वागेल याची कल्पना द्या, कारण नव्या माणसांसमोर तो त्यांच्यावरही भुंकू शकतो. रेबीजच्या लशीचा कागद आणि महापालिकेचा परवाना फ्रिजवर चिकटवा. कुणाला दात लागलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि दवाखान्यात जायचं, मग कुत्र्याला लस दिलेली असो वा नसो. जखमेला हळद किंवा चुना लावायचा नाही.

घराचं म्हणाल तर रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद, पाणी कधी येतं आणि टाकी कोण भरतं, इन्व्हर्टर कुठे, दुधाच्या पिशव्या किती, एवढं एका कागदावर मावतं. दागिने आणि कागदपत्रं एका कपाटात ठेवून किल्ली तुमच्याबरोबर. यात संकोच धरू नका, पाहुण्यांनाही ते बरंच वाटतं. पुढे कधी परदेशी पासपोर्टवालं कुटुंब उतरवलंत तर त्यांच्या आगमनाची नोंद २४ तासांत ऑनलाइन करावी लागते. ती घरमालकाची जबाबदारी, घरगुती पाहुणे असले तरीही.

शेवटची गोष्ट दाराची. नव्या घरात मुलं चपला काढायला उंबऱ्यावर थांबतात आणि मुख्य दार तेवढा वेळ सताड उघडं राहतं. कुत्रा सटकतो तो त्याच वेळी. दारात चपलांचा स्टँड असेल तर दहा दिवस तो घराच्या आत घ्या.