मालागाहून किनाऱ्यावरची गावं: आधी वारा बघा, मग तिकीट काढा

प्रश्न थोडक्यात असा: वर्षभराचा मुक्काम दक्षिण स्पेनमधल्या मालागात, गाडी नाही, शनिवार-रविवारी किनाऱ्यावरची गावं बघायची आहेत, तुम्ही मासे खाता, पत्नी शाकाहारी. कुठे, कधी आणि काय खायचं?

गावांची यादी कुठेही मिळेल. पण त्या भागात बेत फसतो तो बहुतेक वेळा वाऱ्यामुळे. तापमानाचा आकडा बघून निघालात तर २८ अंशांतही किनाऱ्यावर दहा मिनिटं बसता येत नाही.

दोन नावं पाठ करा. लेवान्ते म्हणजे पूर्वेचा वारा, पोनिएन्ते म्हणजे पश्चिमेचा. भूमध्य समुद्रावरच्या मालागाला आणि अटलांटिकवरच्या कादिसला त्यांचे अर्थ उलटे होतात. लेवान्ते मालागाला समुद्रावरून येतो, म्हणून दमट हवा, ढग, लाटा आणि कधीकधी समुद्रावरचं दाट धुकं, ज्याला तिथे तारो म्हणतात. हाच वारा पुढे जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत दोन्हीकडच्या डोंगरांमध्ये चेपला जातो आणि नरसाळ्यातून सुटल्यासारखा स्पेनच्या दक्षिण टोकावरच्या तारिफावर आदळतो. कादिसला पोचेपर्यंत तो जमिनीवरून आलेला, कोरडा आणि गरम झालेला असतो. वाळू पोटऱ्यांना सुया टोचल्यासारखी लागते, छत्री उभी राहत नाही. पोनिएन्ते असेल तर कादिसला अटलांटिकची गार, सुखद हवा आणि मालागाला लख्ख आकाश. पण मालागाचं पाणी गारठतं. हा वारा वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून लोटतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. ऑगस्टात २३ अंशांचं पाणी एक-दोन दिवसांत १८ वर येऊ शकतं.

तिसरा तेराल, खास मालागाचा. उन्हाळ्यात वायव्येकडून डोंगर उतरून येतो, उतरताना तापतो आणि पारा चाळिशीपार नेतो. त्या दिवशी सकाळीच खिडक्यांवरच्या पेर्सियाना खाली ओढा आणि संध्याकाळपर्यंत उघडू नका. ‘हवा खेळू दे’ ही आपली सवय तिथे घराची भट्टी करते.

अंदाजासाठी आएमेत या सरकारी हवामान संस्थेचं पान पुरेसं आहे. एक खाच: स्पॅनिशमध्ये पश्चिमेसाठी ‘ओ’ हे अक्षर असतं (ओएस्ते), त्यामुळे वायव्य दिशा ‘एन-ओ’ अशी लिहिलेली दिसते. लेवान्ते ताशी ३० किलोमीटरच्या वर दाखवत असेल तर तारिफा, बोलोनिया, कोनिल ही कादिसच्या बाजूची गावं रद्द करा. झोत बघायला विसरू नका, सरासरी वेग फसवा असतो.

आता गावं. पश्चिमेला फुएन्खिरोलापर्यंत सी-१ लोकल आहे, साधारण दर २० मिनिटांनी, वाटेत विमानतळ आणि तोर्रेमोलिनोस. सोय उत्तम, गावं मात्र इमारतींनी भरलेली. एक दुपार पुरे. पूर्वेला रेल्वे नाही, बसच. नेर्खा सव्वा तासाच्या आसपास, पण तिकीट काढताना ‘दिरेक्तो’ आहे का बघा, गावोगाव थांबणारी बस बराच वेळ खाते. उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळच्या परतीच्या बस भरतात, तेव्हा परतीचं तिकीट आधीच काढा. नेर्ख्यातली १९५९ मध्ये सापडलेली गुहा गावापासून थोडी बाहेर आहे, तिची वेळ आधी आरक्षित करा. तिथून सहा किलोमीटरवर डोंगरात फ्रिखिलियाना, गावची बस जाते.

आणखी पूर्वेला अल्मुन्येकार आणि सालोब्रेन्या. हा किनारा कोकणी माणसाला ओळखीचा वाटेल, कारण सिएर्रा नेवादा ही डोंगररांग उत्तरेचे थंड वारे अडवते आणि आंबा, अवोकाडो, चिरिमोया तिथे पिकतात. चिरिमोया म्हणजे सीताफळाचं भावंड: साल गुळगुळीत, बिया कमी, गर सलग. ऑक्टोबरपासून पुढे हिवाळाभर मिळतं. दाबल्यावर किंचित दबेल असं घ्या आणि कच्चं फ्रिजमध्ये ठेवू नका, काळं पडतं आणि पिकत नाही. आंबा सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, बहुतेक ओस्तीन जातीचा. हापूसची अपेक्षा ठेवली नाही तर आवडेल.

कादिसला मालागाहून थेट रेल्वे नाही, बस चार तासांच्या वर. एका दिवसात करू नका, दोन रात्री ठेवा. तिथे अटलांटिकची भरती-ओहोटी आहे, मोठ्या भरतीला फरक तीनेक मीटर. मालागाच्या किनाऱ्यावर ती जवळजवळ जाणवत नाही, त्यामुळे वर्षभर भूमध्य समुद्राची सवय झालेले लोक कादिसला टॉवेल पाण्याच्या काठाशी पसरतात आणि भिजवून घेतात. ओहोटीचं वेळापत्रक बघून ला कालेता या किनाऱ्यावर जा. खाडीपलीकडे एल पुएर्तो या गावाला अर्ध्या तासाची कॅटामरान बोट आहे. जोराच्या वाऱ्यात ती बंद राहते, तेव्हा लोकल घ्या.

बोलोनियाला वाळूच्या टेकडीशेजारी बाएलो क्लाउदिया हे रोमन गाव आहे, मासे खारवण्याच्या दगडी हौदांसकट. त्या किनाऱ्यावरचा ट्यूनाचा धंदा आजही चालू आहे. बार्बाते, साहारा दे लोस आतुनेस, कोनिल आणि तारिफा या गावांपाशी आल्माद्राबा नावाची जाळ्यांची चक्रव्यूहासारखी रचना वसंतात लावतात आणि अंडी घालायला भूमध्य समुद्रात शिरणारा ट्यूना अडवतात. ताजा खायचा तर मे-जून. एरवीचा बहुतेक गोठवलेला असतो, तोही वाईट नसतो.

तारिफाहून टँजियरची बोट तासाभराची आहे आणि मोह होतोच. ती शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्राच्या, बाहेर नेते. भारतीय पासपोर्टला मोरोक्कोचा व्हिसा लागतो, आणि निवासी कार्ड नूतनीकरणात असेल तर ‘आउतोरिसासिओन दे रेग्रेसो’ हा परतीचा कागद काढल्याशिवाय बोटीत पाऊल ठेवू नका.

खाण्याबद्दल. मालागाची ओळख म्हणजे एस्पेतो: वेताच्या किंवा धातूच्या सळीत ओवलेल्या सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीच्या जातभाई, वाळू भरलेल्या जुन्या होडीत लाकडाच्या निखाऱ्याशेजारी भाजलेल्या. शेजारी, वर नव्हे. चरबी आगीत पडली की धूर कडवट होतो. ज्या महिन्यांच्या स्पॅनिश नावात ‘र’ नाही, म्हणजे मे ते ऑगस्ट, तेव्हा मासा चरबीदार असतो. बोकेरोनेस मांदेलीच्या कुळातले, तळलेले घ्या. व्हिनेगरमधले उपाहारगृहात खायला हरकत नाही, मासा आधी गोठवण्याचा कायदा आहे. घरी करणार असाल तर उणे २० अंशांत पाच दिवस ठेवा, व्हिनेगरने आनिसाकिस हा जंत मरत नाही. कादिसमधली कासोन एन आदोबो म्हणजे व्हिनेगर, जिरं, लसूण आणि ओरेगानोत मुरवून तळलेली मुशी. मालवणी जिभेला ती लगेच पटते.

तोर्तियितास दे कामारोनेस म्हणजे जवळ्याची भजीच, फक्त जाळीदार आणि कुरकुरीत. शंभर ग्रॅम चण्याचं पीठ, शंभर ग्रॅम गव्हाचं, साडेतीनशे ते चारशे मिली बर्फगार पाणी, दीडशे ग्रॅम जवळा, पातीचा कांदा, पार्सली, मीठ. पीठ धिरड्यापेक्षा पातळ हवं. घट्ट झालं की भजी होतात. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, तेल चांगलं तापवा, डावाने सोडून लगेच पसरवा. तेल गार असेल तर पीठ ते शोषून घेतं.

सोमवारी ताज्या मासळीचा आग्रह धरू नका, रविवारी होड्या सहसा जात नाहीत. मेन्यूवर किमतीऐवजी ‘सेगून मेर्कादो’ लिहिलं असेल तर वजन आणि भाव आधी विचारा. दुपारचं स्वयंपाकघर दीडपासून चारपर्यंत, रात्रीचं साडेआठनंतर. सहा वाजता जेवायला जाणाऱ्याला चिप्स मिळतील. ग्रानादा आणि अल्मेरियात पेयासोबत तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट येतो, मालागात आणि कादिसमध्ये सहसा नाही.

शाकाहारासाठी ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हणणं पुरेसं नाही, ट्यूना आणि हॅम मांसात धरत नाहीत. ‘नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन’ (ना मांस, ना मासे, ना हॅम) असं तिन्ही सांगा. साल्मोरेखो या टोमॅटोच्या गार सारावर हॅम आणि अंडं भुरभुरतात, डाळीच्या रश्श्यात चोरीसो हे डुकराचं सॉसेज असतं, मान्तेकादोसारख्या गोड पदार्थांत डुकराची चरबी. खात्रीचं: आखोब्लांको, हे बदाम, लसूण, पाव यांचं गार सार, वर द्राक्षं. पालक-चणे, रस्सा मांसाचा नाही ना हे विचारून. कादिसचे पापास आलिन्यास, म्हणजे बटाट्याची कोशिंबीर, ‘सिन आतून’ (ट्यूनाशिवाय) सांगून. आणि बेरेन्खेनास कोन मिएल दे कान्या: वांग्याचे तळलेले काप, वर उसाची काकवी. नाव ‘उसाचा मध’, पण चव आपल्या काकवीची. फ्रिखिलियानात ती अजून बनवतात, बाटली आणा. फक्त काप माशाच्याच तेलात तळलेत का ते विचारा, लहान चिरिंगितोंत, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळींत, बहुधा एकच कढई असते.

जेलीफिश आल्या असतील तर पोहायला उतरू नका. दंश झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी किंवा चोळणं यांनी त्वचेवर उरलेल्या दंशपेशी फुटतात.

पाऊस ऑक्टोबर ते मार्च पडतो, उन्हाळा कोरडा. जानेवारीत मालागाला दुपारी १७ अंश असतात, पण घरात फरशी गार आणि बहुतेक घरांना हीटिंग नसतं, तेव्हा हिवाळ्याच्या शनिवारी बाहेर घरापेक्षा ऊब असते. नेर्खा आणि सालोब्रेन्या तेव्हासाठी राखून ठेवा, कादिस जून किंवा सप्टेंबरला.