दिवे हळूहळू लावावेत

सप्रेम आशीर्वाद.

विद्यार्थी साहाय्य समितीने यंदाच्या चित्रपट खेळांची जबाबदारी तुझ्याकडे सोपवली, हे वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. काळजी तुझ्या कुवतीची नाही, तू पत्रासोबत पाठवलेल्या रूपरेषेची आहे. सहा वाजता स्वागत, सव्वासहाला मान्यवरांची मनोगते, सात वाजता चित्रपट, मग समुपदेशकांचे व्याख्यान आणि शेवटी ‘मनमोकळा संवाद’. एवढे सगळे पार पडेपर्यंत, ज्याच्यासाठी हा घाट घातला तो विद्यार्थी केव्हाच आपल्या खोलीवर निघून गेलेला असेल.

अडचणीत सापडलेला विद्यार्थी समुपदेशन केंद्राच्या दाराशी का अडखळतो, याचा आधी विचार कर. मदत नको असते म्हणून तो अडखळतो असे नाही. त्या दारातून आत जाताना कोणी पाहिले तर काय, ही धास्ती त्याला असते. चित्रपटाला मात्र कोणीही जाऊ शकतो. कशासाठी आलास, असे तिथे कोणी विचारत नाही. दोन तास अंधारात बसावे, डोळे पाणावले तर ते पडद्यावरच्या माणसासाठी पाणावले असे समजले जावे, आणि वाटले तर मध्येच उठून जावे. हा आडोसा हेच तुझ्या कार्यक्रमाचे खरे भांडवल आहे, आणि तुझी रूपरेषा नेमका तोच काढून घेते.

हे मी स्वतः चूक करून शिकलो आहे. उमेदीच्या काळात असाच एक खेळ मी आयोजित केला होता. चित्रपट संपताक्षणी मी सभागृहातले सगळे दिवे एकदम लावायला सांगितले, मंचावर गेलो आणि ‘ज्यांना असा अनुभव आला असेल त्यांनी हात वर करावेत’ असे मोठ्या उत्साहाने म्हणालो. एकही हात वर झाला नाही. तिसऱ्या रांगेत कडेला बसलेली एक मुलगी तेवढ्यात खाली वाकून चपलेचा पट्टा लावू लागली, आणि माझे बोलणे संपेपर्यंत तिचा तो पट्टा काही लागला नाही. ती रडत होती, हे मला दोन दिवसांनी तिच्या मैत्रिणीकडून कळले. त्यानंतर मी श्रेयनामावली कधीही मध्येच बंद करू दिली नाही. ती चार-पाच मिनिटे कंटाळवाणी वाटली तरी चेहरा सावरायला लागणारा वेळ तेवढाच असतो. ती संपल्यावर आधी दाराजवळचे दिवे लावावेत, मग मधले आणि सर्वांत शेवटी पुढचे. ज्याला निघून जायचे असेल त्याला तोवर निघता येते.

चित्रपटाच्या निवडीबद्दल तू विस्ताराने विचारले आहेस, म्हणून मीही विस्ताराने लिहितो. तुझ्या यादीतले निम्मे चित्रपट मला उपदेशपट वाटले. ताण आला, मित्र भेटला, चार गोष्टी सांगितल्या, ताण गेला, अशा कथेवर विद्यार्थी हसतात आणि त्यांचे काही चुकत नाही. याबाबतीत तुझ्या विद्यापीठातल्या चित्रपट मंडळाचे ऐक, जरी ते लोक जरा आढ्यताखोर वाटले तरी. 1925 साली लंडनमध्ये सुरू झालेली फिल्म सोसायटी काय किंवा 1947 साली कोलकात्यात स्थापन झालेली काय, ही मंडळे एरवी बघायला न मिळणारे चांगले चित्रपट दाखवण्यासाठी जन्माला आली. चित्रपट आधी चित्रपट म्हणून चांगला असला पाहिजे; तो औषध म्हणून निवडला की त्याची चव प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांतच कळते.

एका विषयात मात्र केवळ रसिकतेवर विसंबून चालत नाही. आत्महत्येचा संदर्भ असलेला चित्रपट यादीत असेल, तर तो आधी समुपदेशकासोबत बसून पूर्ण पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली चित्रपट आणि रंगभूमीवर काम करणाऱ्यांसाठी याविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. आत्महत्येची कृती किंवा पद्धत तपशिलाने दाखवू नये, आणि अडचणीतून वाट काढणारी, मदत मागणारी व मदत मिळवणारी पात्रे दाखवावीत, असा तिचा रोख आहे. ऑस्ट्रियातल्या वृत्तपत्रांचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. तसे विचार मनात येऊनही त्या वाटेने न गेलेल्या माणसांच्या बातम्या आणि त्यानंतर आत्महत्यांच्या प्रमाणात झालेली घट यांचा संबंध त्यात आढळला होता. एका अभ्यासावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि वृत्तपत्र म्हणजे चित्रपट नव्हे, हेही खरे. पण दोन चित्रपट सारखेच चांगले असतील आणि निवड करायची असेल, तर ज्यातले माणूस शेवटी कोणाशी तरी बोलते तो चित्रपट मी निवडतो.

जाहिरातीच्या फलकावर त्रासदायक आशयाची पूर्वसूचना द्यावी का, यावर तुमच्या समितीत वाद झाला असे तू लिहितेस. दोन्ही बाजू थोड्या चुकत आहेत. पूर्वसूचनेने प्रेक्षकाचा त्रास कमी होतो, असे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले नाही. उलट तो आशय समोर येण्याआधीची धाकधूक थोडी वाढते असे दिसले. तरीही मी सूचना देतो, कारण माझ्या लेखी ती उपचार नसून माहिती आहे. परवाच घरातले कोणी गेले असेल त्याला, आजचा चित्रपट मृत्यूविषयी आहे, हे दारात पाऊल टाकण्याआधी कळायला हवे. त्यासाठी एक साधे वाक्य पुरे. लाल अक्षरे आणि उद्गारचिन्हे नकोत.

परवानगीच्या बाबतीत कोणाच्याही ‘चालतं हो’वर जाऊ नकोस. विकत घेतलेली डिस्क किंवा घरच्या वर्गणीचे ऑनलाइन खाते यांनी घरी बसून पाहण्याचा हक्क मिळतो, सभागृहात दाखवण्याचा नाही. वर्गातल्या शिक्षणासाठी काही देशांच्या कायद्यात सवलत असते, पण संध्याकाळचा खुला खेळ हा वर्ग नव्हे, आणि प्रवेश विनामूल्य ठेवल्याने प्रश्न मिटतोच असेही नाही. वितरकाला किंवा निर्मात्याला लेखी विचार. तारीख, खेळांची संख्या, प्रेक्षकांचा अंदाज आणि तिकीट आहे की नाही, एवढे कळवले की उत्तर येते. नव्या दिग्दर्शकांकडून ते बहुधा लवकर येते, आणि कधीकधी सोबत तेही स्वतः येतात.

सभागृह लहान घे. तीनशे खुर्च्यांच्या दालनात चाळीस प्रेक्षक विखरून बसले की प्रत्येकाला आपण उघडे पडलो आहोत असे वाटते. तेच चाळीस जण साठ खुर्च्यांच्या खोलीत सहज मिसळून जातात. कडेच्या आणि दाराजवळच्या खुर्च्या स्वयंसेवकांनी अडवून ठेवू नयेत, कारण त्यांची गरज कोणाला पडेल हे आधी सांगता येत नाही. चाकाच्या खुर्चीची जागा एका कोपऱ्यात एकटी नसावी, सोबतच्या माणसाला शेजारी बसता आले पाहिजे. उपशीर्षके संवाद ऐकू येत असले तरी ठेवावीत, आणि शक्य असेल तर कर्णबधिरांसाठी तयार केलेली ठेवावीत, ज्यांत दार वाजल्याचे, संगीत थांबल्याचे आणि पडद्याबाहेरून कोण बोलते आहे याचेही शब्द असतात.

आदल्या दिवशी त्याच यंत्रावर, त्याच फाइलमधून, त्याच खोलीत दहा मिनिटे चित्रपट चालवून पाहा. 2.39:1 चौकटीचा, म्हणजे उंचीच्या 2.39 पट रुंद, चित्रपट त्याहून कमी रुंद अशा 16:9 च्या पडद्यावर दाखवला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. त्या दिसल्या की कोणीतरी उत्साही मदतनीस रिमोट घेतो आणि चित्र ताणून पडदा भरतो, मग दोन तास सगळी पात्रे उभट चेहऱ्यांनी वावरतात. काळ्या पट्ट्या हा बिघाड नाही, हे त्याला आधीच सांगून ठेव. लॅपटॉपवरच्या संदेशसूचना बंद असाव्यात. एका अत्यंत हळव्या प्रसंगी, ग्रंथालयाचे पुस्तक परत करण्याची मुदत संपल्याचा माझा संदेश पडद्यावर सर्वांनी वाचला आहे.

आता चित्रपटानंतरच्या गप्पांविषयी. समुपदेशकांचे व्याख्यान रद्द कर. त्यांची ओळख सुरुवातीला एका वाक्यात करून द्यावी, म्हणजे त्यांचा चेहरा सर्वांच्या लक्षात राहील. मग त्यांनी प्रेक्षकांतच बसावे आणि शेवटी अर्धा तास पाण्याच्या भांड्यापाशी किंवा अशाच कुठल्या जाण्या-येण्याच्या जागी रेंगाळावे. चर्चेत ‘तुम्हाला काय वाटले’ असे विचारू नकोस, ‘ती जिन्यात का थांबली असेल’ असे काहीतरी विचार. पात्राबद्दल बोलता बोलता माणूस स्वतःबद्दल किती बोलायचे हे स्वतः ठरवतो. कोणी बोलले नाही तर एक मिनिट शांत राहायला शिक. सूत्रसंचालकाला ते मिनिट दहा मिनिटांएवढे वाटते, प्रेक्षकांना नाही.

चिठ्ठ्यांची पेटी ठेवणार असशील, तर चिठ्ठी प्रत्येकाला द्यावी आणि कोरी असली तरी प्रत्येकाने पेटीत टाकावी, म्हणजे कोणी लिहिले आणि कोणी नाही हे शेजाऱ्यालाही कळत नाही. चिठ्ठीचा खालचा भाग फाडून घरी नेता यावा आणि त्यावर समुपदेशन केंद्राची जागा, वेळ आणि रात्री-अपरात्री संपर्क करण्याचा क्रमांक छापलेला असावा. पेटी त्याच रात्री समुपदेशकांनीच उघडावी. ती स्वयंसेवकांनी उघडायची नाही आणि तूही नाही. आपल्याच वर्गातल्या कोणाचे अक्षर ओळखू आले, तर ते ओझे तुला पेलवणार नाही आणि त्याला ते कधीच आवडणार नाही. एखाद्याने तुझ्याशीच थेट बोलायला सुरुवात केली तर ऐकून घे, पण ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊ नकोस. जिवाला धोका असल्याची शंका आली, तर ते तुला मोडावेच लागेल. ‘आपण दोघे मिळून त्यांच्याकडे जाऊ’ एवढे म्हण, आणि खरोखर सोबत चालत जा.

अहवालासाठी उपस्थितांच्या सह्या हव्यात, असे कार्यालय सांगेल. त्यांना डोकी मोजून आकडा दे आणि सह्यांचा कागद दारात ठेवू नकोस. यावरून थोडी बोलणी खावी लागतील, ती खा. छायाचित्रे चित्रपट सुरू होण्याआधी, रिकाम्या खुर्च्यांची आणि फलकाची काढावीत.

पहिल्या खेळाची तारीख ठरली की कळव. मी येईन आणि मागच्या रांगेत बसेन. मनोगतासाठी मला मंचावर बोलावू नकोस.

तुझा,
एक जुना शिक्षक