ब्राउझरच्या मल्टिथ्रेडेड कोडमधल्या डेटा रेस कशा शोधाव्यात? आणि ‘निरुपद्रवी’ रेस तशाच सोडल्या तर चालतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही चालत. डेटा रेस म्हणजे दोन थ्रेड एकाच मेमरीला एकाच वेळी, कसल्याही समन्वयाशिवाय हात घालतात आणि त्यातला निदान एक लिहीत असतो. निरुपद्रवी डेटा रेस असा प्रकार सी++ मध्ये नाहीच. २०११ च्या स्टँडर्डपासून डेटा रेस म्हणजे सरळसरळ अनडिफाइन्ड बिहेवियर. तिथून पुढे कंपायलर काय करेल याची हमी कोणी देत नाही, आणि तुमच्या टीममधले सीनियर तर नाहीच नाही.

हे इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. मी एका ब्राउझरच्या डाउनलोडच्या कोडवर काम करायचो. तक्रार अशी यायची की युजर डाउनलोड रद्द करतो, तरी फाइल डिस्कवर उतरतच राहते. क्वचित व्हायचं, आणि आमच्या मशीनवर तर कधीच नाही. लॉग टाकला की बग गायब, कारण लॉग लिहिणाऱ्या फंक्शनच्या आत स्वतःचा लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी कडी) होता आणि त्यानं टायमिंग बदलायचं.

थ्रेडसॅनिटायझरनं (प्रोग्रॅम चालू असताना डेटा रेस पकडणारं टूल) ही रेस त्याआधीच पकडली होती. रिपोर्टमध्ये वर ‘राइट ऑफ साइझ १’, नेटवर्क थ्रेडचा स्टॅक. खाली ‘प्रीव्हियस राइट ऑफ साइझ १’, मेन थ्रेडचा. दोन्हीकडे पत्ता एकच. पण कोडमध्ये पाहिलं तर वरचा थ्रेड ‘हेडर आले’ हा फ्लॅग लिहीत होता आणि खालचा ‘रद्द केलं’ हा. आमच्यातल्या सर्वांत अनुभवी इंजिनिअरनी निकाल दिला: “फ्लॅग वेगळे, प्रत्येकाला लिहिणारा थ्रेड एकच. टूलचा गोंधळ आहे.” फ्लॅग वेगळे असतील तर पत्ता एकच कसा, हे मी तेव्हाच विचारलं होतं. सप्रेशन फाइलमध्ये, म्हणजे टूलनं कोणते रिपोर्ट गप्प ठेवायचे त्या यादीत, एक ओळ पडली आणि विषय मिटला.

उत्तर सी++ च्या हेडर फाइलमध्ये होतं. मेमरी वाचवायला दोन्ही फ्लॅग एकेका बिटाचे बिटफील्ड करून, म्हणजे एकाच बाइटमध्ये कोंबून, ठेवले होते. शेजारशेजारचे बिटफील्ड म्हणजे स्टँडर्डच्या लेखी एकच मेमरी लोकेशन. सुटा बिट मेमरीत लिहिता येत नाही. अख्खा बाइट वाचायचा, त्यात बिट लावायचा, बाइट परत लिहायचा. नेटवर्क थ्रेडनं बाइट वाचला, तेवढ्यात मेन थ्रेडनं ‘रद्द’चा बिट लावून बाइट लिहिला, मग नेटवर्क थ्रेडनं आपली शिळी प्रत त्यावर ठेवली. ‘रद्द’ पुसलं गेलं. एक्स८६ च्या डिसअसेंब्लीत ही सगळी भानगड एकाच ‘ऑर’ इन्स्ट्रक्शनमध्ये बसते, म्हणून बघणारा फसतो. त्या इन्स्ट्रक्शनला लॉक प्रीफिक्स (ती अखंड पार पाडायला लावणारी खूण) नसेल तर दुसरा कोअर मध्ये घुसू शकतो.

यावर एकानं व्होलाटाइल (कंपायलरला प्रत्येक वाचन-लेखन खरोखर करायला लावणारा कीवर्ड) सुचवलं. व्होलाटाइलचा थ्रेडशी काडीचाही संबंध नाही, हे अजून सांगावं लागतं. आम्ही आधी बिटफील्ड काढून दोन वेगळे ॲटॉमिक बूल (ज्यांचं वाचन-लेखन मध्येच तुटत नाही असे हो/नाही फ्लॅग) केले. त्यानं डेटा रेस गेली, पण ‘रद्द झालंय का बघ, नसेल तर फाइल उघड’ या दोन पायऱ्यांमधली फट तशीच राहिली, आणि ती कुठलंही सॅनिटायझर दाखवत नाही. खरा उपाय मालकीचा होता: डाउनलोडची सगळी स्टेट मेन थ्रेडची, नेटवर्क थ्रेडनं फक्त टास्क पोस्ट करायचा. माझ्या मते ब्राउझरमध्ये लॉक हा शेवटचा पर्याय. आधी डेटा कोणाचा ते ठरवा, निम्म्या रेस तिथेच मरतात.

“ॲटॉमिक महाग पडतं” हा युक्तिवादही मी पुरेसा ऐकलाय. साध्या फ्लॅगचं रिलॅक्स्ड (क्रमाची हमी न मागणारं) वाचन-लेखन एक्स८६ वर आणि ६४ बिट आर्मवर नेहमीच्याच लोड-स्टोअर इन्स्ट्रक्शनमध्ये होतं. आणि त्या बिटफील्डनं वाचत काय होतं? ऑब्जेक्टमागे एक बाइट, तोही पॅडिंगमध्ये (कंपायलरनं सोडलेल्या रिकाम्या जागेत) गेला नाही तर.

सप्रेशनबद्दल माझं मत कडक आहे. ती ओळ फंक्शनच्या, फाइलच्या किंवा लायब्ररीच्या नावावर जुळते, एका विशिष्ट रेसवर नाही. उद्या त्याच फंक्शनमध्ये नवी रेस आली तर तीही गपचूप झाकली जाते. म्हणून प्रत्येक ओळीसमोर बग नंबर हवा, आणि ‘निरुपद्रवी’ हे कारण रिव्ह्यूमध्ये चालू देऊ नका. फायरफॉक्सच्या टीमनं २०२१ मध्ये आपला थ्रेडसॅनिटायझरचा अनुभव जाहीरपणे मांडला, त्यातही हेच आहे: आधी निरुपद्रवी समजलेल्या काही रेस पुढे खरे बग निघाले.

आता शोधायचं कसं. क्लँग कंपायलरवर थ्रेडसॅनिटायझरचं वेगळं बिल्ड करा आणि हातात आहेत त्याच टेस्ट सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) त्यावर चालवा. वेग साधारण ५ ते १५ पटींनी घटतो, मेमरी ५ ते १० पट लागते, त्यामुळे टेस्टचे टाइमआउट वाढवावे लागतील. जो कोड चाललाच नाही त्यातली रेस दिसणार नाही. टॅब उघडताच बंद करणं, डाउनलोड अर्ध्यात तोडणं, शटडाउनच्या वेळी रिक्वेस्ट चालू असणं, अशा टेस्ट मुद्दाम लिहा.

खोटे रिपोर्टही येतात, पण ठरावीक ठिकाणी: इन्स्ट्रुमेंट न केलेली, म्हणजे या टूलसाठी बिल्ड न केलेली, बाहेरची लायब्ररी, किंवा फक्त ॲटॉमिक फेन्सवर (मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम राखणाऱ्या सूचनांवर) विसंबलेला कोड, कारण फेन्स या टूलला नीट कळत नाही. अशा वेळी लायब्ररीही त्याच फ्लॅगनं बिल्ड करणं हा बरा मार्ग. रस्टमध्ये, म्हणजे डेटा रेस कंपायलरच अडवतो अशा भाषेत, लिहायची मुभा असेल तर जरूर लिहा. फायरफॉक्स ५७ मध्ये, २०१७ साली, सीएसएसच्या स्टाइल काढण्याचं समांतर काम रस्टमध्ये आलं ते उगीच नाही. मात्र सी++ ला चिकटलेली अनसेफ (कंपायलरच्या तपासणीबाहेरची) सीमा तिथेही राहतेच, आणि तिच्यासाठी हेच बिल्ड पुन्हा चालवावं लागतं.