जखमी हरणाचा माग: पिल्लाला शिकवताना

आपण जर्मनीत शिकारीचा परवाना काढून जखमी जनावराचा माग काढणाऱ्या बव्हेरियन जातीच्या कुत्र्याचे पिल्लू आणले आहे, तेव्हा पहिला सल्ला असा की रक्ताच्या मागे लागू नये. जाणता कुत्रा केवळ रक्तावर विसंबत नाही. हरणाच्या खुरांमधील ग्रंथींचा आणि तुडवलेल्या मातीचा वास तो धरून ठेवतो, कारण रक्त पुष्कळदा थोड्याच अंतरावर दिसेनासे होते. म्हणून बुटांच्या तळाला हरणाचे खूर बसवून आधी छोटा, सरळ माग घालावा, शेवटी कातड्याचा तुकडा ठेवावा आणि पिल्लू स्थिरावल्यावरच वळणे व मागाचा शिळेपणा वाढवावा. तेथे माग काढणाऱ्या कुत्र्यांच्या मोठ्या परीक्षेत हजार मीटरांच्या मागावर जेमतेम पाव लिटर रक्त असते आणि माग २० किंवा ४० तासांचा शिळा असतो. ताज्या मागावर रोज पळवणे मला तरी निरर्थक वाटते, कारण त्याने कुत्रा नाक वर करून नुसता धावू लागतो.

माग आपणच घातलेला असला की लांब दोरीने नकळत दिशा दाखवली जाते. तेव्हा काही माग दुसऱ्याकडून घालून घ्यावेत आणि पिल्लू थबकले की आपणही मुकाट्याने थांबावे. जबडा किंवा पाय मोडलेले जनावर मात्र पहिल्या वर्षी अनुभवी कुत्र्याकडेच सोपवावे.